जाता जाता तेवढं करून दे की!

वाचकांचे प्रश्न, वकिलाची उत्तरं

मागच्या अंकात ट्रक-टेम्पोवाल्यांनी आपले प्रश्न पाठवा म्हणून दोन ओळी टाकल्या होत्या, तर पत्रं, व्हॉट्सअॅप मेसेज, रात्री धाब्यावरून केलेल्या व्हॉइस नोट असं सगळं येऊन पडलं. बहुतेकांचं दुखणं एकच. कुणीतरी म्हणलं जाता जाता एवढं करून दे, यांनी करून दिलं, रुपया घेतला नाही, आणि आता पोलीस स्टेशनच्या चकरा. मी मोटार अपघाताचे दावे चालवतो, जखमींच्या बाजूनं पण चालवलेत आणि गाडीमालकांच्या पण, म्हणून सांगतो की फुकट केलं म्हणून कायद्यात सूट नसते, उलट फुकटचं काम कुणाच्याच कागदावर नसतं आणि ड्रायव्हर नेमका तिथंच सापडतो. गावं तेवढी टाकलीत, नावं कुणाचीच नाहीत.

प्रश्न: वकील साहेब नमस्कार. मी जालन्याहून सळई भरून बाराचाकी घेऊन जातो, गाडी शेठची. मागच्या महिन्यात परळीकडच्या एका दुकानात गाडी खाली करायची होती तर गोडाउनच्या दारात त्यांचाच छोटा हत्ती (छोटा टेम्पो) आडवा लावलेला, त्यांचा ड्रायव्हर जेवायला गेलता. दुकानदार म्हणले चावी गाडीलाच हाय, जरा मागं घे, तू तर ड्रायव्हरच हाईस. मी घेतला मागं. मागं एक हमाल बिडी वढत बसलेला ते मला दिसलंच नाही, त्याच्या पायावरून चाक गेलं, हाड मोडलं. आता दुकानदार म्हणतो चालवत तू होतास तर तूच बघ, आणि आमचे शेठ म्हणायलेत मी तुला दुसऱ्याच्या गाडीत बसायला पाठवलं नव्हतं. तक्रार झालेली आहे. माझ्यावर काय काय येऊ शकतं? (एक ड्रायव्हर, ता. अंबड)

उत्तर: भाऊ, तुमच्याकडं तीन वेगवेगळ्या गोष्टी एकात एक मिसळल्यात, आधी त्या सोडवून घेऊ. पोलीस केस वेगळी, हमालाच्या नुकसानभरपाईचे पैसे वेगळे, आणि तुमच्या शेठचं म्हणणं वेगळं.

पोलीस केस तुमच्याच नावावर राहणार, ती दुकानदारावर ढकलता येत नाही, कारण फौजदारी कायदा स्टेअरिंगवर कोण होतं एवढंच बघतो, कुणाच्या सांगण्यावरून होतं ते नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, त्यात हयगयीनं गाडी चालवण्याचं कलम २८१ आणि दुसऱ्याला दुखापत होईल असं वागण्याचं कलम १२५. हाड मोडलं म्हणजे ती गंभीर दुखापत धरतात, त्याला ३ वर्षांपर्यंत शिक्षा किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. घाबरू नका, जामीन मिळणारी कलमं आहेत. पण पोलिसांना जबाब देताना "मी मदत करत होतो" एवढंच सांगून थांबू नका, मागं बघायला कुणी उभं होतं का, हॉर्न वाजवला का, त्या गाडीचा मागचा आरसा धड होता का, हे सगळं सांगा, केस त्याच्यावर फिरते.

पैशाचं मात्र दुकानदार म्हणतो तसं नाही. छोटा हत्ती त्याचा, चावी त्यानं दिली, सांगितलं त्यानं, म्हणजे तुम्ही त्याच्या परवानगीनं त्याचंच काम करत होतात, तेव्हा भरपाईचा दावा लागला तर तो तुमच्यावर आणि त्याच्यावर दोघांवर लागतो आणि त्या गाडीचा विमा चालू असेल तर विमा कंपनीला पण त्यात यावं लागतं. लायसन्सवरून कंपनीला अडवता येणार नाही, तुमच्याकडं हेवीचं आहे आणि छोटा हत्ती हलक्या गाडीत येतो. (साडेसात टनापर्यंतची मालगाडी साध्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर सुद्धा चालते असं सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितलंय, हे इथल्या छोट्या टेम्पोवाल्यांनी पण ध्यानात ठेवा.) अडचण दोन ठिकाणी येऊ शकते. एक म्हणजे विमा संपलेला असला तर, मग सगळं तुमच्या दोघांच्या खिशातून. गावातल्या गावात फिरणाऱ्या, गोडाउनच्या दारातच असणाऱ्या गाड्यांचा विमा किती जण वेळेवर भरतात ते तुम्हालाही माहिती आहे आणि मलाही. दुसरी म्हणजे कंपनी म्हणेल की जागा खाजगी आहे, रस्ता नाही, आमचा संबंध नाही. जिथं गिऱ्हाईक, हमाल, गाड्या रोज येतात-जातात ती जागा सार्वजनिकच धरावी असा युक्तिवाद आपल्याला करता येतो, पण वाद होतो आणि वादात वर्षं जातात. म्हणून आजच्या आज त्या गाडीच्या नंबरवरून विमा चालू आहे का ते ऑनलाइन बघून घ्या आणि स्क्रीनशॉट ठेवा. गोडाउनला कॅमेरा असेल तर फुटेज पुसलं जायच्या आत ते मागावं असा लेखी अर्ज पोलिसांकडं द्या. चावी कुणी दिली हे ऐकलेला एखादा हमाल सांगायला तयार असेल तर तो तुमचा सगळ्यात मोठा आधार, कारण दुकानदार उद्या "मी सांगितलंच नव्हतं" म्हणणार हे गृहीत धरून चला.

आता शेठ. तुम्हाला आवडणार नाही पण या एका बाबतीत त्यांचं बरोबर आहे. मालकाची जबाबदारी नोकर मालकाचं काम करत असताना येते. १९६६ साली सुप्रीम कोर्टापुढं एक प्रकरण होतं, मालकानं टॅक्सी म्हणून चालवायला गाडी दिली आणि ड्रायव्हरनं ती क्लीनरला लायसन्सची टेस्ट द्यायला दिली, त्यात एक जण जखमी झाला. कोर्ट म्हणलं टेस्ट देणं हे मालकाचं काम नव्हतं, मालक जबाबदार नाही. याच्या उलट १९७७ चा एक निकाल आहे, एका जिनिंग कंपनीच्या मॅनेजरनं कंपनीच्या कामाला नागपूरहून पांढुर्ण्याला जाताना एकाला गाडीत सोबत घेतलं, अपघातात तो माणूस गेला. तिथं कंपनी जबाबदार धरली, कारण गाडी कंपनीच्याच कामाला निघाली होती, सोबत घेणं ही त्यातली वरची गोष्ट. तुमच्या बाबतीत गाडीही शेठची नाही आणि कामही शेठचं नाही. तुम्ही स्वतःची बाराचाकी मागंपुढं करताना हेच झालं असतं तर शेठ आणि शेठचा विमा दोन्ही तुमच्या मागं उभे राहिले असते.

हे मी एवढं लांबण लावून लिहितोय कारण मोंढ्यात, जिनिंगवर, डाळमिलमध्ये रोज हेच चालतं. हायड्रावाला (क्रेनवाला) आला नाही, तूच बस. काट्यावरची ती गाडी जरा पुढं घे. ट्रॅक्टर काढ बाजूला. हायड्राला तर तुमच्या लायसन्सवर नोंद असल्याशिवाय हात पण लावू नका, तिथं विमा कंपनीला पळवाट शोधायची सुद्धा गरज पडत नाही. आणि माल उतरवायला हात लावायचा का, तर आपल्याकडं ट्रान्सपोर्टवाले वाराईच्या (गाडीवाल्याकडून घेतल्या जाणाऱ्या हमालीच्या) विरोधात कायम म्हणत आलेत ना, ज्याचा माल त्याचा हमाल, ते नुसतं पैशापुरतं नाही. १९६९ चा माथाडी कायदा आहे, हमालांची बोर्डं आहेत, ते काम त्यांचं आहे. तुम्ही फाळका (हौद्याची फळी) उघडला, रस्सी सोडली, ताडपत्री काढली इथपर्यंत ठीक, पण हौद्यात चढून सळईचे बंडल ढकलायला लागलात आणि एखादं सरकून तुमच्याच पायावर आलं तर शेठ म्हणणार हे काम मी सांगितलंच नव्हतं. शिवाय स्वतः उतरवून दिल्यावर मोजणी पण तुमच्याच गळ्यात येते. पोचेवर (माल मिळाल्याच्या पावतीवर) दुकानदाराची सही घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही, मग तो कितीही ओळखीचा असू द्या.

प्रश्न: सर मी देगलूर भागातला. हैदराबादहून माल घेऊन लातूर, बार्शी असा जातो. गावाकडचा एक ओळखीचा माणूस दर खेपेला एखादं पोतं देतो, लातूरला एकजण येऊन घेऊन जातो, मी पैसे घेत नाही, कधी चहा पाजला तर पाजला. परवा दिलेलं पोतं मशीनवर शिवलेलं होतं, म्हणला चहापावडर हाय. वास काय चहाचा वाटला नाही. भावकीतला आहे, नाही पण म्हणता येईना. काय करावं?

उत्तर: नाही म्हणावं.

वास चहाचा वाटला नाही हे तुम्ही स्वतः लिहिलंय, म्हणजे शंका आली होती. उद्या त्यात गुटखा निघाला तर महाराष्ट्रात तो २०१२ पासून बंद आहे आणि तुमचा पट्टा म्हणजे तीन राज्यांची हद्द, तिथं कर्नाटक-तेलंगणाकडून येणाऱ्या गाड्यांवर पोलिसांची नजर असते हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. गांजा निघाला तर विषयच वेगळा. अमली पदार्थांच्या कायद्यात माल ज्याच्या ताब्यात सापडला त्याला माहिती होतं असंच कोर्ट धरून चालतं आणि माहिती नव्हतं हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं, एरवी असतं त्याच्या बरोबर उलटं. २० किलोच्या वर गेलं तर कमीत कमी १० वर्षं, आणि जामीन जवळजवळ मिळतच नाही. ट्रक पण जप्त होऊ शकतो, शेठला आपल्याला माहिती नव्हतं आणि आपण सगळी काळजी घेतली होती हे दाखवल्याशिवाय तो सुटत नाही, आणि शेठ ते दाखवायला सगळ्यात आधी तुमच्याकडंच बोट करणार.

समजा पोत्यात खरंच चहापावडर आहे किंवा साधं कापड आहे. तरी त्याचं बिल तुमच्याजवळ नाही, बिल्टीवर (ट्रान्सपोर्टच्या मालपावतीवर) त्याची नोंद नाही. एका राज्यातून दुसऱ्यात ५०,००० रुपयांच्या वरचा माल नेताना आणि महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखाच्या वरचा नेताना ई-वे बिल लागतं, त्याच्या आतला असला तरी व्यापाऱ्याच्या मालाला बिल पाहिजेच. जीएसटीवाल्यांनी गाडी थांबवली आणि कागदाशिवायचा माल सापडला तर त्यांना माल आणि गाडी दोन्ही अडकवून ठेवता येतात, माल सोडवायचा तर कराच्या दुप्पट दंड, आणि तोपर्यंत गाडीतला दुसऱ्या व्यापाऱ्याचा, अगदी कायदेशीर कागदाचा माल पण तिथंच उन्हात उभा. तो व्यापारी शेठला फोनवर फोन करणार.

भावकीला सांगायचं एकच, शेठनं जीपीएस आणि कॅमेरा लावलाय, बिल्टीशिवाय काही घेता येत नाही, ट्रान्सपोर्टच्या ऑफिसला जाऊन बुक कर, मी तेच पोतं आणतो. खरं काम असेल तर तो बुक करेल.

प्रश्न: माझी स्वतःची आयशर आहे, ड्रायव्हर ठेवलाय. दोन गोष्टी विचारायच्या. एक, दरवर्षी आषाढीला गावच्या दिंडीचं सामान न्यायला गाडी फुकट देतो, त्यात थकलेली म्हातारी माणसं पण बसतात. दोन, ड्रायव्हर रात्रीचं फाट्यावर उभे असलेल्यांना गाडीत घेतो, एसटी नसते, बायामाणसं असतात, मलाही नाही म्हणवत नाही. विमा फुल आहे. मग काळजी कशाची? (एक गाडीमालक, ता. केज)

उत्तर: मालक, "विमा फुल आहे" हे वाक्य मी कोर्टाच्या आवारात इतक्या वेळा ऐकलंय आणि त्याच्यानंतर माणसाचा उतरलेला चेहरा पण बघितलाय.

मालगाडीच्या विम्यात रस्त्यावरचा तिसरा माणूस येतो, पगारी ड्रायव्हर-क्लीनर येतात, आणि १४ नोव्हेंबर १९९४ पासून गाडीतल्या मालाचा मालक किंवा त्यानं सोबत पाठवलेला माणूस येतो. म्हणजे शेतकरी आपली सोयाबीन घेऊन तुमच्या आयशरमध्ये बसून लातूरच्या मोंढ्यात निघाला तर तो विम्यात आहे. फाट्यावर हात केलेला माणूस नाही. मधे काही वर्षं गोंधळ होता, एक निकाल असा आला होता की मालगाडीतल्या फुकट प्रवाशाचे पैसे पण कंपनीनं द्यावेत, पण डिसेंबर २००२ मध्ये आशा राणी खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायाधीशांनी तो फिरवला, २००४ च्या बलजीत कौर निकालात तेच पुन्हा सांगितलं, आणि आजही तसंच आहे. कधी कधी कोर्ट म्हणतं कंपनीनं आधी द्यावेत आणि नंतर मालकाकडून वसूल करावेत. नातेवाइकांना पैसे मिळतात ते चांगलंच, पण वसुली तुमच्याकडून, आणि ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी कलेक्टरमार्फत करता येते. केजला जमीन असेल तुमची, तर काय म्हणतोय ते कळलं असेल.

अपघात झाल्यावर सगळे म्हणतात आम्ही मालासोबत होतो. मग कोर्ट बिल्टी बघतं, पंचनाम्यात माल किती होता बघतं. दहा माणसं आणि कांद्याचं एक पोतं, असं चालत नाही. ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या सुमाराला ट्रकमध्ये संसार, लेकरं, शेळ्या घेऊन निघतात तिथंही हाच प्रश्न उभा राहतो, तिथं तर तो उपकार पण नसतो, धंदा असतो, आणि मुकादम अशा वेळी कुठं सापडत नाही. ड्रायव्हर फाट्यावरच्यांकडून वीस-पन्नास घेत असेल (विचारा एकदा, रागावू नका) तर ती प्रवासी वाहतूक झाली, परमिटचा भंग, १०,००० रुपये दंड आणि कैद सुद्धा होऊ शकते.

दिंडीचं. सामान न्या, जरूर न्या, त्याला कुणी काही म्हणत नाही. माणसांसाठी दिंडीवाल्यांनी वर्गणीतून एक जीप करावी, पासिंगवाली, आणि ते पुण्य तुम्हाला घ्यायचंच असेल तर जीपचं भाडं तुम्ही द्या. आयशरच्या हौद्यात गाद्यांच्या ढिगावर पंधरा म्हाताऱ्या, हे चित्र आषाढीत बीड-बार्शी रस्त्यावर मी दरवर्षी बघतो आणि माझ्या पोटात गोळा येतो. फाट्यावरच्या बायांसाठी ड्रायव्हरला एवढं सांगा की गाडी थांबवून ११२ लावून द्यावा. हे कोरडं वाटेल, पण तुमचा मूळ प्रश्न काळजी कशाची हा होता.

प्रश्न: माझे मिस्टर ट्रकवर आहेत. गेवराईच्या पुढं हायवेवर मोटारसायकलवाला पडलेला दिसला, उडवून दुसराच कुणी गेला होता. यांनी त्याला दवाखान्यात नेलं. दवाखान्यात नाव-नंबर घेतला. तेव्हापासून घरचे सगळे म्हणतात की कशाला हात लावला, आता केस तुझ्यावर येईल. मला झोप नाही.

उत्तर: ताई, झोपा निवांत. या अंकातल्या सगळ्या उपकारांत कायदा ज्याच्या बाजूनं अगदी उघड उभा आहे तो हाच एक. २०१६ ला सुप्रीम कोर्टानं नियम घालून दिले आणि २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यातच १३४अ कलम आलं. अपघातातल्या माणसाला चांगल्या हेतूनं मदत करणाऱ्यावर, मदत करताना काही चुकलं आणि त्या माणसाला इजा झाली किंवा तो दगावला तरी, दिवाणी नाही की फौजदारी नाही, काहीच कारवाई होत नाही. नाव सांगायची सक्ती पोलीस किंवा दवाखाना करू शकत नाही. यांनी स्वतःहून दिलं असेल तर त्यानंही काही बिघडत नाही, साक्षीदार व्हायचं की नाही ते पण यांच्याच मर्जीवर. गंभीर जखमीला पहिल्या तासाभरात दवाखान्यात पोचवलं तर सरकारचं बक्षीस आहे, २०२१ ला ५,००० होतं, पुढं २५,००० केलं, पोलीस स्टेशनला विचारून घ्या.

घरच्यांची भीती उगाच आलेली नाही, ट्रक जवळ उभा दिसला की जमाव ट्रकवाल्यालाच धरतो. म्हणून पुढच्या वेळी यांनी आधी १०८ लावावा, फोनमध्ये कॉलची वेळ राहते, नॅशनल हायवे असेल तर १०३३ पण चालतो, आणि माणसाला हलवायच्या आधी आपल्या गाडीचा पुढचा भाग, दोन्ही बाजू, पडलेली मोटारसायकल असा मोबाइलवर एक सलग व्हिडिओ करून ठेवावा, अर्धा मिनिट लागतं. कुठं घासल्याची खूण नाही हे त्यात दिसलं की पुढचं बोलणंच बंद होतं.

आणि हे ज्यांच्या हातून अपघात झालाय त्यांना लागू नाही हं. त्यांच्यासाठी १३४ कलम आहे, जखमीच्या उपचाराची सोय करणं हे तिथं कर्तव्यच आहे, जमाव मारायला उठला असेल तर तिथून निघता येतं पण लगेच, आणि फार तर २४ तासांत, जवळच्या पोलीस स्टेशनला जाऊन सांगावं लागतं.

थोडक्यात दोन

*क्लीनर पोरगा शिकायचा हट्ट धरतो, रिकाम्या रस्त्यावर स्टेअरिंग दिलं तर? (सेलू)* पोरगं अठराच्या आतलं असेल तर विषय बंद, मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन वर्षभर रद्द. ट्रकच्या शिकाऊ लायसन्सला वीस वर्षं पूर्ण आणि हलक्या गाडीचं लायसन्स वर्षभर जुनं लागतं, तेवढं असेल तर त्याला ते काढून द्या, गाडीला एल लावा, तुम्ही शेजारी बसा, पण भरलेल्या गाडीवर नाही आणि हायवेवर नाही. वर मी १९६६ चा निकाल सांगितला त्याच्यावर विसंबून मालकांनी खूश होऊ नये, १९९६ मध्ये क्लीनरनं बस चालवून अपघात केला तिथं सुप्रीम कोर्टानं मालकाला जबाबदार धरलं, कारण बस मालकाच्याच धंद्यावर निघालेली होती.

*बंद पडलेल्या गाडीला टोचन लावून (ओढून) द्यावं का? (वसमत)* जवळच्या गॅरेजपर्यंत, सावकाश, आणि शेठला आधी फोन करून. फोन नको, व्हॉट्सअॅपच करा, "अमुक नंबरची गाडी बंद आहे, टोचन लावू का" आणि त्यांचं "लाव" आल्यावरच लावा. रात्री लावणार असाल तर मागच्या गाडीचे इंडिकेटर चालू आहेत का ते बघा, बॅटरीच गेलेली असेल तर क्रेन बोलवायला सांगून तुम्ही निघा.